मौन म्हणजे संमति नव्हे

'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन ज्या घरांत कधीं उच्चारलें गेलें नाहीं, असें मराठी घर विरळाच. लग्नाचीं बोलणीं चाललेलीं असतात. वडीलमंडळी बैठकींत बसलेली असते. मुलीला आंतून बोलावून, 'तुझी कांहीं हरकत नाहीं ना?' असा प्रश्न केला जातो. मुलगी खालीं पाहते, पदराशीं चाळा करते, बोलत मात्र कांहींच नाहीं. एकादे आजोबा हसून हें वचन म्हणतात आणि सुपारी फुटते. बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काटेवाडींत असो कीं पुण्याच्या सदाशिव पेठेंत असो, हा प्रसंग कित्येक पिढ्या असाच घडत आला. त्या मौनांत लाज होती कीं भीति होती, होकार होता कीं निव्वळ निरुपाय होता, हें विचारून पाहण्याची गरज फारशी कोणास भासली नाहीं.

घरगुती व्यवहारांत हें वचन चालून गेलें. त्याचा जो बरावाईट परिणाम व्हावयाचा, तो त्या त्या मुलीनें सोसला. परंतु हाच विचार एकदां देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत, निराळ्या शब्दांनीं कां होईना, येऊन बसला. आणि तोही जेथें तो मुळींच येऊं नये अशा खटल्यांत. तो खटला महाराष्ट्रांतलाच होता. त्यांत काय झालें, कायद्यानें आपली चूक केव्हां व कशी सुधारली, आणि इतकें होऊनही अत्याचाराविषयीं तोंड उघडणाऱ्या स्त्रीची वाट अद्यापि बिकट कां आहे, हें समजून घेणें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास अगत्याचें आहे.

हकीकत १९७२ सालची. विदर्भांत देसाईगंज नांवाचें गांव आहे. तें त्या वेळीं चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. आतां गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें. तेथें एक अनाथ आदिवासी मुलगी भावाच्या आधारानें राहत असे व मोलमजुरी करून पोट भरीत असे. वैद्यकीय तपासणीप्रमाणें तिचें वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होतें. तिचें नांव येथें घेतलेलें नाहीं. त्याचें कारण पुढें ओघानें येईल. ती ज्या घरीं कामास जाई, त्या घरच्या नात्यांतील एका तरुणाशीं तिचें मन जुळलें. भावास तें पसंत पडलें नाहीं व त्यानें पोलिसांकडे तक्रार केली. त्या तक्रारीच्या चौकशीसाठीं २६ मार्च १९७२ च्या रात्रीं या सर्वांस ठाण्यावर बोलावण्यांत आलें. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास मंडळी परत निघाली, तेव्हां एका शिपायानें मुलीला तेवढें मागें थांबवून घेतलें. भाऊ व इतर माणसें बाहेर वाट पाहत उभीं होतीं. आंतील दिवे मालवले गेले, दार बंद झालें. कांहीं वेळानें ती बाहेर आली आणि शिपायानें आपल्यावर बलात्कार केला व तेथल्या हवालदारानेंही अतिप्रसंग केला, असें तिनें सांगितलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ही मुलगी गप्प बसली नाहीं. अंगावर गुदरलेला प्रसंग तिनें त्याच रात्रीं, त्याच दारांत, आपल्या माणसांपुढें बोलून दाखविला. पाहतां पाहतां लोकांचा जमाव जमला, ठाणें पेटवून देण्याची भाषा होऊं लागली, आणि मग तिची फिर्याद नोंदली गेली. ज्या ठाण्यांत गुन्हा घडल्याचें गाऱ्हाणें, त्याच ठाण्यांत तें मांडावयाचें, हा तिच्यापुढील पहिला पेंच होता. जमाव नसता तर काय झालें असतें, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयांत चालला. १ जून १९७४ रोजीं दोघेही आरोपी निर्दोष सुटले. मुलीस पूर्वीपासून शरीरसंबंधाची सवय होती असें वैद्यकीय तपासणीवरून धरण्यांत आलें. ती खोटें बोलते असा शेरा तिच्यावर मारण्यांत आला. आणि जें घडलें तें तिच्या संमतीनें घडलें असावें असें अनुमान काढण्यांत आलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास हें पटलें नाहीं. १९७६ च्या आक्टोबरांत त्यानें हा निकाल फिरवून शिपायास पांच वर्षांची व हवालदारास एक वर्षाची शिक्षा दिली. खंडपीठानें केलेला भेद मोठा मार्मिक होता. भीतीपोटीं निमूटपणें शरण जाणें ही एक गोष्ट आणि राजीखुषीनें संमति देणें ही दुसरी. रात्रीच्या वेळीं, पोलिसांच्या ताब्यांत, परक्या पुरुषांपुढें सांपडलेल्या पोरीच्या निमूटपणाला संमति म्हणतां येत नाहीं.

हा भेद सर्वोच्च न्यायालयांत टिकला नाहीं. १५ सप्टेंबर १९७८ रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें दोघांनाही सोडून दिलें. मुलीच्या अंगावर जखम नव्हती. झटापटीची खूण नव्हती. आपण ओरडलों हें तिचें म्हणणें विश्वासार्ह वाटलें नाहीं. भाऊ जवळ असतां तिनें त्यास हांक मारली नाहीं. तेव्हां जें झालें तें शांतपणें झालें आणि तीच संमति, असा त्या निकालाचा मथितार्थ. 'मौनं संमतिलक्षणम्' हेंच तें वचन; फक्त बैठकींतून उठून तें न्यायासनावर जाऊन बसलें होतें.

ह्या विचारसरणींत दोष कोठें आहे, हें पाहण्यास कायद्याचें शिक्षण लागत नाहीं. मध्यरात्रीं घरांत दरोडेखोर शिरला, त्यानें सुरा दाखविला आणि घरधन्यानें तिजोरीच्या किल्ल्या मुकाट्यानें काढून दिल्या, तर त्यानें आपला ऐवज दान केला असें कोणी म्हणत नाहीं. अंगावर ओरखडा नाहीं म्हणून दरोडा पडलाच नाहीं, असेंही कोणी म्हणत नाहीं. प्राणभयानें माणसाची वाचा बसते, हातपाय गळतात, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. मग जो न्याय ऐवजाला, तो स्त्रीच्या देहाला कां नसावा? त्यांतून दरोडेखोराविरुद्ध पोलिसांना हांक मारतां येते. येथें तर आरोप पोलिसांवरच होता. हांक मारावयाची कोणाला?

नेमका हाच प्रश्न पुढील वर्षीं चार विधिशिक्षकांनीं विचारला. सप्टेंबर १९७९ मध्यें उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनीं देशाच्या सरन्यायाधीशांस एक खुलें पत्र लिहिलें. शरण जाणें व संमति देणें यांतील भेद न्यायालयानें कसा विसरला, असें त्यांनीं पुसलें. अल्पवयीन मुलीला रात्रीं ठाण्यावर बोलावून ठेवून घेतलें, याविषयीं निकालांत निषेधाचा एकही शब्द कां नाहीं, असें विचारलें. विवाहापूर्वीं एकाद्या मुलीचा कोणाशीं संबंध असला, तर तिच्यावर अत्याचार करण्याची मुभा पोलिसांस मिळते काय, असाही त्यांचा परखड सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर कायद्याच्या अध्यापकांनीं अशी उघड टीका करावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

पत्राचा परिणाम झाला. मुंबईंत स्त्रियांनीं बलात्काराच्या प्रश्नावर संघटना स्थापन केली, आणि ८ मार्च १९८० रोजीं, म्हणजे जागतिक महिला दिनीं, ठिकठिकाणीं स्त्रिया रस्त्यावर आल्या. ज्या गोष्टीविषयीं घरांत कुजबुजही होत नसे, तिच्याविषयीं भर चौकांत घोषणा ऐकूं येऊं लागल्या. सरकारनें विधि आयोगाकडून अहवाल मागविला. आयोगानें तो त्याच वर्षीं दिला. निकाल मात्र बदलला नाहीं. जिच्यामुळें देशाचा कायदा बदलण्यास आरंभ झाला, त्या मुलीच्या पदरांत न्याय म्हणून कांहींच पडलें नाहीं, हें ह्या इतिहासांतील सर्वांत कटु सत्य आहे.

१९८३ सालीं कायदा दुरुस्त झाला. पोलिसांच्या कोठडींत, तुरुंगांत, रुग्णालयांत, म्हणजे जेथें स्त्री दुसऱ्याच्या सत्तेखालीं असते तेथें शरीरसंबंध घडल्याचें सिद्ध झालें आणि 'माझी संमति नव्हती' असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें गृहीत धरावें, असा नियम झाला. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. शिक्षेची किमान मर्यादा ठरली. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड व्हावी असें ठरलें. आणि अत्याचार झालेल्या स्त्रीचें नांव किंवा ओळख प्रसिद्ध करणें हा गुन्हा झाला. देसाईगंजच्या त्या मुलीचें नांव न घेण्याचें कारण हेंच. तें नांव पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं छापलें गेलें, खटलाही त्याच नांवानें ओळखला गेला; परंतु जें संरक्षण तिच्यामुळें इतर स्त्रियांस मिळालें, त्याचा लाभ निदान आतां तरी तिला नाकारूं नये.

ह्या नियमाचा पुष्कळदां विपर्यास होतो. नांव झांकणें म्हणजे तोंड झांकणें नव्हे. स्वतःच्या नांवानें पुढें येऊन बोलावें असें एकाद्या सज्ञान स्त्रीस वाटलें, तर कायदा तिच्या आड येत नाहीं. इतरांनीं तें नांव तिच्या लेखी परवानगीवांचून छापूं नये, एवढाच त्याचा अर्थ. नांव सांगावें कीं न सांगावें, हा अधिकार तिचा.

१९८३ च्या दुरुस्तीनेंही सर्व कांहीं साधलें नाहीं. फिर्यादी स्त्रीची चालचलणूक चांगली नव्हती असें दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची वाट जुन्या पुराव्याच्या कायद्यांत उघडीच राहिली होती. ती २००३ सालीं बंद झाली. मधल्या काळांत न्यायालयांची दृष्टि पालटत होती. नागपुरांतील एका पोलीस अधिकाऱ्यावरील खटल्यांत १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, अत्याचार झालेली स्त्री ही गुन्ह्यांतील साथीदार नव्हे. तिची साक्ष विश्वसनीय असेल तर दुसऱ्या पुराव्याचा टेंकू मिळालाच पाहिजे असा आग्रह धरतां येणार नाहीं. त्याच विदर्भांत बारा वर्षांपूर्वीं सुटलेल्या खटल्याच्या पार्श्वभूमीवर हें वाक्य वाचलें म्हणजे अंतर किती कापलें गेलें तें कळतें.

डिसेंबर १९७२ नव्हे, डिसेंबर २०१२ उजाडावा लागला, तेव्हां पुढचें पाऊल पडलें. दिल्लींत त्या महिन्यांत एका तरुणीवर धांवत्या बसमध्यें झालेल्या अत्याचारानें सारा देश हादरला. न्यायमूर्ति जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें २३ जानेवारी २०१३ रोजीं, सुमारें एका महिन्यांत, आपला अहवाल सादर केला, व त्याच वर्षीं कायद्यांत संमतीची व्याख्या आली. संमति म्हणजे शब्दांनीं, खुणेनें वा अन्य रीतीनें स्त्रीनें स्पष्टपणें व स्वेच्छेनें दर्शविलेली तयारी. आणि तिनें अंगबळानें प्रतिकार केला नाहीं, एवढ्याच कारणावरून तिची संमति होती असें मानतां येणार नाहीं. नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं जें म्हटलें होतें, तें कायद्याच्या पुस्तकांत छापलें जाण्यास सदतीस वर्षें लागलीं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तींतही ही व्याख्या कायम आहे.

ज्या वैद्यकीय तपासणीच्या आधारें देसाईगंजच्या मुलीस 'सवयीची' ठरविण्यांत आलें, तसली तपासणी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षें चालू राहिली. दोन बोटांनीं करावयाच्या ह्या चाचणीस शास्त्राचा आधार नाहीं, आणि तिनें स्त्रीची पुन्हा एकदां विटंबना होते. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं तिचा निषेध केला व ३१ आक्टोबर २०२२ रोजीं, जो कोणी ही चाचणी करील तो गैरवर्तनाबद्दल दोषी धरला जाईल असें बजावलें.

आतां कागदावरचा कायदा गांवच्या वाटेवर आणून पाहूं. काटेवाडीचा परिसर उसाचा. जवळच भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना आहे. हंगामांत बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, शेताकडेला कोप्या घालून राहतात व हंगाम संपतांच निघून जातात. समजा, अशा टोळींतील एका स्त्रीवर कोणी अत्याचार केला. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नाहीं, गांव परका, ठाण्यांत ओळखीचें कोणी नाहीं. देसाईगंजच्या मुलीहून तिची स्थिति फारशी निराळी नाहीं. फरक आहे तो कायद्यांत.

आज तिला कोणत्याही ठाण्यावर फिर्याद देतां येते. गुन्हा ह्या तालुक्यांत घडला आणि ती आपल्या जिल्ह्यांत परतल्यावर बोलली, तरी 'आमची हद्द नव्हे' असें सांगून तिला परत पाठवितां येत नाहीं. तेथेंच फिर्याद घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठविली पाहिजे. फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानें लिहून घ्यावयाची असते व तिची प्रत विनामूल्य द्यावयाची असते. जबाबासाठीं स्त्रीला ठाण्यावर बोलावतां येत नाहीं. अधिकाऱ्यानेंच तिच्या राहत्या जागीं गेलें पाहिजे. फिर्याद नोंदण्यास नकार देणाऱ्या पोलिसास सहा महिने ते दोन वर्षें सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे. कोणतेंही रुग्णालय, सरकारी असो वा खाजगी, तिला फुकट उपचार देण्यास बांधलेलें आहे. तपासणी तिच्या संमतीनेंच व्हावयाची असते, आणि ती खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आंत व्हावी. सरकारी वकील तिची बाजू मांडतोच. शिवाय विधिसेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीस, तिचें उत्पन्न किती हें न पाहतां, मोफत वकील मिळतो. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेंतून २०१३ पासून अर्थसाहाय्याचीही सोय आहे. तपास दोन महिन्यांत पुरा करावा आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत खटला संपवावा, असेंही कायदा सांगतो.

हें सर्व वाचून समाधान वाटतें. परंतु तें फार वेळ टिकत नाहीं. दोन महिने म्हटलेले खटले वर्षानुवर्षें रेंगाळतात. तारखांमागून तारखा पडतात, साक्षीदार पांगतात, कोणी दबून फिरतो, आणि ऊसतोड करणारी स्त्री दर तारखेला मजुरी बुडवून बारामतीच्या न्यायालयांत येऊं शकत नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०१९ च्या आंकड्यांप्रमाणें, बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागला त्यांपैकीं सुमारें २८ टक्क्यांतच शिक्षा झाली. सुटलेले सर्व खटले खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. पुरावा वेळेवर जमला नाहीं, तपास ढिला झाला, साक्ष टिकली नाहीं, अशीं अनेक कारणें त्यांत मिसळलेलीं असतात. आणि जीं प्रकरणें ठाण्यापर्यंत पोंचलींच नाहींत, त्यांची तर कोणत्याच आंकड्यांत गणना नाहीं.

न पोंचण्याचें मुख्य कारणही त्याच नोंदींत सांपडतें. नोंदल्या गेलेल्या प्रकरणांत शेंकडा नव्वदांहून अधिक आरोपी स्त्रीच्या ओळखीचे असतात. नातलग, शेजारी, कामावरचा धनी, विश्वासांतला मनुष्य. अनोळखी गुंडाविरुद्ध बोलणें एक वेळ सोपें; पण ज्याला घरांत पाट मांडला जातो त्याच्याविरुद्ध बोलावयाचें, तर आधीं घरालाच सामोरें जावें लागतें. म्हणून न्यायाची पहिली पायरी ठाण्याची नव्हे, घराची आहे. मुलगी प्रथम बोलते ती आईजवळ, वहिनीजवळ, आत्याजवळ, एकादे वेळीं शाळेंतल्या बाईंजवळ. तेथें तिला, 'तूं तेथें गेलीसच कशाला?', 'आरडाओरड कां केली नाहींस?', 'आतां ही गोष्ट कोणाजवळ काढूं नकोस', असें ऐकावें लागलें, तर १९७८ चा निकाल त्याच घरांत पुन्हा एकदां दिला गेला असें समजावें.

सुशिक्षित कुटुंबाचें कर्तव्य येथें सुरू होतें, आणि तें कठीण नाहीं. बोलणाऱ्या मुलीचें म्हणणें मध्यें न तोडतां ऐकून घ्यावें. दोष तिचा नाहीं, हें पहिल्याच वाक्यांत सांगावें. शक्य तों तिनें त्या वेळचे कपडे धुऊं नयेत, ते कागदांत गुंडाळून ठेवावे व लौकर रुग्णालयांत जावें, म्हणजे पुरावा नाहींसा होत नाहीं; मात्र उशीर झाला म्हणून फिर्याद देण्याचा अधिकार जात नाहीं, हेंही तिला सांगावें. मुलगी अठरा वर्षांच्या आंतील असेल, तर पोलिसांस कळविणें हें मोठ्या माणसांवर कायद्यानेंच बंधनकारक आहे. गांवकीच्या वा भावकीच्या बैठकींत पैसे घेऊन प्रकरण मिटविण्याचा सल्ला कोणी देईल. तो मानूं नये. हा गुन्हा आपसांत मिटवितां येण्याजोगा नाहीं. आणि घरांत धुणेंभांडीं करण्यास येणाऱ्या बाईनें असें गाऱ्हाणें आणलें, तर तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जावें. देसाईगंजच्या मुलीच्या पाठीशीं जमाव होता म्हणून तिची फिर्याद लिहिली गेली. एकट्या स्त्रीच्या पाठीशीं निदान एक घर तरी असावें.

आषाढी वारीच्या दिवसांत जगद्गुरु तुकाराममहाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडीस येते. तेथें तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें. त्या वाटेनें हजारों स्त्रिया चालत येतात. सारें गांव त्यांना माउली म्हणून हात जोडतें, पाणी देतें, विसाव्यास ओसरी मोकळी करून देतें. ओळख नसलेल्या स्त्रीचा मान राखणें ह्या मुलखाला शिकवावें लागत नाहीं. त्याच रस्त्यानें एकादी स्त्री वारीचे दिवस नसतां, एकटी, मान खालीं घालून ठाण्याकडे निघालेली दिसली, तर तिलाही तेवढीच ओसरी मोकळी असली पाहिजे. ती बोलली तर ऐकावें. ती गप्प राहिली तर त्या मौनाचा अर्थ आपल्या सोयीनें लावूं नये, तिला विचारावा. आणि लग्नाच्या बैठकींत मुलगी खालीं मान घालून उभी राहील, तेव्हां आजोबांनीं तें जुनें वचन म्हणण्यापूर्वीं तिच्या तोंडून 'हो' किंवा 'नाहीं' ऐकण्यापुरतें थांबावें. संमति विचारण्याची संवय घरांतूनच लागते, आणि पुढें ठाण्यांत व न्यायालयांत बसणारीं माणसेंही अशाच घरांतून येतात.